विश्लेषण : बोंडअळीच्या आतड्यातील ‘कुलूप’ बदलले, केजच्या शेतकऱ्याला ते सांगणार कोण?

केज, धारूर, माजलगाव या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोरात असते. वरून निरोगी दिसणारे बोंड फोडावे आणि आत गुलाबी अळी निघावी, हा अनुभव इथल्या शेतकऱ्याला आता नवा राहिलेला नाही. बियाणे बीटीचे, पाकीट सीलबंद, पावतीही पक्की. तरी अळी जिवंत कशी? या प्रश्नाला गावपातळीवर दोनच उत्तरे मिळतात. ‘बियाणे बोगस निघाले’ किंवा ‘तुमची फवारणी चुकली’. खरे उत्तर बहुतेक वेळा अळीच्या आतड्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर दडलेले असते. तिथल्या प्रथिनांवर, त्या प्रथिनांवर चढलेल्या साखरेवर आणि बीटीचे विष त्यांना चिकटते की नाही, यावर अळीचे जगणे-मरणे ठरते. हे विज्ञान प्रयोगशाळेत राहिले आणि बांधापर्यंत पोहोचलेच नाही. त्याची किंमत शेतकरी दर हंगामात फवारणीच्या खर्चातून मोजतो आहे.

बीटी अळीला नेमकी मारते कशी?

‘बीटी’ हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाचे लघुरूप. जपानमध्ये १९०१ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना हा जिवाणू प्रथम सापडला. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात १९११ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि प्रांताचे नाव त्याला चिकटले. हा जिवाणू ‘क्राय’ नावाची प्रथिने तयार करतो. त्यांचे जनुक कापसात घातले, की झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागते.

अळीने पान किंवा बोंड खाल्ले, की हे प्रथिन तिच्या आतड्यात जाते. अळीचे आतडे अल्कधर्मी असते. तिथे पाचक रस प्रथिनाचा काही भाग कापतात आणि उरलेला तुकडा विषारी होतो. मात्र एवढ्याने अळी मरत नाही. हा तुकडा आतड्याच्या अस्तरातील पेशींवर असलेल्या ठराविक प्रथिनांना चिकटावा लागतो. चिकटल्यावर असे अनेक तुकडे एकत्र येऊन पेशीच्या पडद्याला छिद्र पाडतात. पेशी फुगून फुटते, अळी खाणे थांबवते आणि मरते. म्हणजे बीटी ही किल्ली मानली, तर आतड्यातील प्रथिन हे कुलूप. कुलूप बदलले, की किल्ली कितीही शुद्ध असली तरी निरुपयोगी ठरते.

प्रथिनावर साखर चढते म्हणजे काय?

पेशीत तयार झालेली अनेक प्रथिने पृष्ठभागावर जाण्याआधी त्यांना साखरेच्या लहान-मोठ्या साखळ्या जोडल्या जातात. या प्रक्रियेला ग्लायकोसिलेशन म्हणतात. ही साखर चहातली नव्हे. मॅनोज, गॅलेक्टोज आणि त्यांच्या भाऊबंद रेणूंची ही साखळी असते. तिच्यामुळे प्रथिनाचा आकार टिकतो, पाचक रसांपासून संरक्षण मिळते आणि बाहेरच्या रेणूंना ते प्रथिन ओळखता येते.

याचे सर्वात ओळखीचे उदाहरण आपल्या रक्तात आहे. ए, बी, ओ हे रक्तगट तांबड्या पेशींवरील साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे, यावरून ठरतात. ए गटात टोकाला एन-ॲसिटिलगॅलेक्टोसामाइन ही साखर असते. शास्त्रज्ञ तिला थोडक्यात ‘गॅलनॅक’ म्हणतात. बी गटात त्या जागी गॅलेक्टोज असते, तर ओ गटात दोन्ही नसतात. टोकाच्या एका साखरेच्या फरकाने चुकीचे रक्त चढवले, तर जीव जाऊ शकतो. अळीच्या बाबतीतही साखरेतील असाच बारीक फरक जगण्या-मरण्याचा ठरू शकतो.

अळीचे आतडे तर आतून साखरेनेच मढलेले असते. अन्न आणि पेशी यांच्यामध्ये कायटिन व साखरयुक्त प्रथिनांची पातळ जाळी असते. तिच्या पलीकडे पेशींची टोके असतात आणि त्या टोकांवरील प्रथिनांनाही साखळ्या जोडलेल्या असतात.

बीटीला या साखरेचे काय काम?

भारतात बीटी कापसाबरोबर पहिल्यांदा आलेले प्रथिन म्हणजे क्राय-१-एसी. त्याच्या रेणूत एक खाच आहे आणि ती गॅलनॅक साखर पकडते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये तंबाखूवरील एका अळीच्या आतड्यात क्राय-१-एसी ज्याला चिकटते ते प्रथिन शोधले. ते ॲमिनोपेप्टिडेज-एन निघाले. त्यावरील गॅलनॅक ही त्या चिकटण्याची महत्त्वाची कडी आहे.

अमेरिकेत कापसावर येणाऱ्या हेलिओथिस विरेसेन्स या अळीच्या प्रतिकारक पिढ्यांत आतड्यातील काही प्रथिनांवरची साखर बदललेली आढळली. अशा अळ्यांत विष कमी चिकटले आणि छिद्रेही कमी पडली. त्याआधी २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेने एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग केला होता. साखर जोडणारे एक विकर बिघडले, की तो कृमी बीटीच्या दुसऱ्या एका प्रथिनाला दाद देईनासा होतो, असे त्यात दिसले. बीटीपासून वाचायला प्रत्येक वेळी कुलूपच मोडावे लागत नाही. त्यावरची साखरेची नक्षी बदलली तरी भागते.

माणसाला यापासून धोका आहे का?

रक्तगटाचे उदाहरण वाचून ही शंका येणे साहजिक आहे. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि हे प्रथिन तिथे अन्य प्रथिनांसारखे पचून जाते. शिवाय केवळ एक साखर असून भागत नाही. अळीच्या आतड्यातील प्रथिनांची पूर्ण साखळी असल्याशिवाय छिद्र पडत नाही. बीटी मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवरही चालत नाही. प्रत्येक किडीचे कुलूप वेगळे असते.

भारतातील गुलाबी बोंडअळीत काय बदलले?

बीटी कापसाला देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. हे बियाणे आणण्यात जालन्याची महिको कंपनी भागीदार होती. २००६ मध्ये क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी ही दोन प्रथिने असलेले बीजी-२ आले. एका कुलपाला दोन किल्ल्या लावण्याऐवजी दोन वेगळ्या कुलपांना दोन किल्ल्या, अशी ती योजना होती. एक चुकली तर दुसरी मारेल, हा हिशोब होता.

तो टिकला नाही. गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत २००९ च्या हंगामात गुलाबी बोंडअळी क्राय-१-एसीला जुमानत नसल्याचे आढळले आणि मार्च २०१० मध्ये ते जाहीर झाले. पुढे बीजी-२ वरही अळी दिसू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात तिने कापूस अक्षरशः पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला.

प्रयोगशाळांनी कारणही शोधले. भारतातील अळ्यांमध्ये कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकाची आठ वेगवेगळी बिघडलेली रूपे सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्राय-१-एसी आतड्यात याच प्रथिनाला धरते. २०१८ मध्ये क्राय-२-एबीला दाद न देणाऱ्या अळ्यांत पेशीच्या पडद्यातील एबीसीए-२ हे वाहक प्रथिन बिघडल्याचे दिसले. एकूण काय, दोन्ही कुलपे बदलली. यात बियाणे बोगस असण्याचा संबंध नाही. अस्सल पाकिटातील अस्सल बीटीही अशा अळीपुढे हतबल असते.

अळीला हे इतक्या लवकर कसे जमले?

अळी विचार करून कुलूप बदलत नाही. लाखो अळ्यांत एखादीचे कुलूप जन्मतःच बिघडलेले असते. बीटी नसताना तिला त्याचा फायदा नसतो. बीटी सर्वत्र पसरले, की बाकीच्या मरतात आणि तिचीच पिढी वाढते. हा वेग किती असेल, ते मात्र माणसाच्या निर्णयांवर अवलंबून असते.

भारताने बीटी जनुक प्रामुख्याने संकरित बियाण्यात दिले. संकरित झाडाला जनुक एकाच पालकाकडून मिळते. त्यामुळे त्याच झाडाच्या बोंडातील सरकीत ते सरसकट उतरत नाही. बीजी-२ मधील दोन जनुकांचा हिशोब मांडला, तर सरासरी १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही विषे, ३ मध्ये फक्त पहिले, ३ मध्ये फक्त दुसरे आणि १ मध्ये एकही नाही, असे प्रमाण पडते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि विनाविष जेवण शेजारी-शेजारी मिळते. प्रतिजैविकाचा अर्धवट डोस घेतल्यावर जंतू निर्ढावतात, तसा हा प्रकार आहे.

दुसरे कारण पिकाचा कालावधी. आपली अनेक संकरित वाणे सहा महिने आणि त्याहून जास्त शेतात उभी राहतात. झाड जुने होते तसे त्यातील क्राय-१-एसीचे प्रमाण घटते आणि नेमक्या त्याच काळात गुलाबी बोंडअळीच्या पिढ्या वाढतात. पाणी असेल तिथे फरदड घेतली जाते आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते.

‘रेफ्युजी’च्या पाकिटाचे काय झाले?

बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे वर्षानुवर्षे दिले गेले. शेताच्या कडेने २० टक्के क्षेत्रावर किंवा किमान पाच ओळी ते लावायचे होते. अनेकांनी ते बांधावर टाकले, कोणी जनावरांना घातले. दोष शेतकऱ्याला देणे सोपे आहे. पण या ओळी कशासाठी आहेत, हे त्याला कोणी नीट सांगितले?

प्रत्येक अळीकडे कुलपाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. गुलाबी बोंडअळीत साधारणपणे दोन्ही प्रती बिघडल्या तरच ती बीटीवर जगते. एक जरी चांगली असली, तरी कुलूप तयार होते आणि किल्ली लागते. बिगर-बीटी ओळींत वाढलेले पतंग चांगल्या प्रतींचे असतात. बीटीतून वाचलेल्या पतंगाचे मीलन त्यांच्याशी झाले, की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. रेफ्युजीच्या ओळी म्हणजे चांगल्या कुलपांची बियाणे-बँक होती.

तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाने त्यातील काही ओळी अळीला मोकळ्या सोडाव्यात आणि त्याचा फायदा पंचक्रोशीला मिळावा, ही अपेक्षा मोबदल्याविना टिकणारी नव्हतीच. आता पिशवीतच सुमारे ५ टक्के बिगर-बीटी बियाणे मिसळून दिले जाते. ही सुधारणा योग्य आहे, पण ती अळीने कुलूप बदलल्यावर आली.

इतर देशांनी काय केले?

गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातील भडोचच्या नमुन्यांवरून झाले. पुढे ही कीड जगभर पसरली. अमेरिकेने १९९६ मध्ये बीटी कापूस आणला तेव्हा ॲरिझोनातील शेतकऱ्यांनी बिगर-बीटी क्षेत्र काटेकोरपणे राखले. नंतर वंध्य पतंग सोडण्याची मोहीम जोडली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. चीनमध्ये बीटी आणि बिगर-बीटी संकरातून आलेल्या दुसऱ्या पिढीचे बियाणे वापरात आले. त्यात आपोआप मिसळलेल्या बिगर-बीटी झाडांमुळे अळीतील प्रतिकार वाढण्याऐवजी मागे हटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

जनुक तेच, अळीही तीच. फरक पडला तो राबवण्यात. मात्र या दोन्ही ठिकाणी उपाय प्रतिकार दुर्मीळ असतानाच सुरू झाले होते. आपल्याकडे ती वेळ निघून गेली आहे, हे मान्य करूनच पुढचे धोरण आखावे लागेल.

‘नव्या नंबरचे’ बियाणे घेतले तर?

दरवर्षी मे महिन्यात तणनाशक सहन करणारे अवैध बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून किंवा मोठ्या नंबरच्या नावाने गावोगाव विकले जाते. त्यात भर पडलेले जनुक तणनाशकासाठी आहे. बोंडअळीसाठीच्या किल्ल्या जुन्याच आहेत. निंदणीचा खर्च वाचावा म्हणून कोणी ते घेत असेल तर तो वेगळा वाद आहे. पण बोंडअळी येणार नाही, या आशेने घेणाऱ्याची शुद्ध फसवणूक होते. शिवाय त्याला पावती नसते, त्यामुळे दाद मागायलाही जागा उरत नाही.

लसणासह काही वनस्पतींत साखर ओळखून चिकटणारी ‘लेक्टिन’ नावाची प्रथिने असतात. कोलकात्याच्या बोस संस्थेने लसणाच्या पानांतील लेक्टिनवर बरेच काम केले आहे. मावा वर्गातील किडींच्या आतड्यातील साखरयुक्त प्रथिनांना ते चिकटते. असे संशोधन व्हायलाच हवे. पण नवी किल्ली जुन्याच पद्धतीने वापरली, तर तिचीही तीच गत होईल.

चाचणी तालुक्यापर्यंत का हवी?

इथेच साखरेचा मुद्दा धोरणाशी येऊन भिडतो. कॅडहेरिनचे जनुक तपासले आणि ते ठीक निघाले, तर अळी बीटीने मरेल असे म्हणता येईल का? नाही. साखळी जोडण्याचे काम दुसरी विकरे करतात आणि त्यांची जनुके वेगळी असतात. भारतीय गुलाबी बोंडअळीत आजवर नोंदले गेलेले मोठे बदल प्रथिनांतच आहेत. तरी दुसऱ्या अळ्यांनी साखरेची वाटही दाखवून दिली आहे. एका जनुकावर नजर ठेवून बसलेली चाचणी दुसऱ्या दाराने गेलेली अळी सोडून देईल.

सगळी दारे एकदम तपासणारी पद्धत मात्र जुनी आणि साधी आहे. शेतातील अळ्या गोळा करायच्या, त्यांची पिढी वाढवायची, ठराविक मात्रेचे बीटी खाऊ घालायचे आणि किती मरतात ते मोजायचे. प्रथिन बदलले असो की साखर, अळी जगली तर ती प्रतिकारक. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा चाचण्या केल्या आहेत. त्यांचे निकाल शोधनिबंधांत येतात. केजच्या कृषी सेवा केंद्रात बियाणे घ्यायला उभ्या असलेल्या शेतकऱ्यापर्यंत ते येत नाहीत.

राज्याकडे यंत्रणा नाही, असे नाही. ‘क्रॉपसॅप’ या कीड सर्वेक्षण प्रकल्पात २००९ पासून कापसासह प्रमुख पिकांवरील किडींची शेतात जाऊन मोजणी होते. किती अळ्या आहेत, हे त्यातून कळते. त्या बीटीने मरतात का, हे कळत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे कृषी विज्ञान केंद्र केजपासून लांब नाहीत. हंगामाच्या शेवटी प्रत्येक कापूस तालुक्यातून अळ्या गोळा करून चाचणी करावी आणि मे महिन्यात निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर व कृषी सहायकाच्या व्हॉट्सॲप गटावर मराठीत द्यावा. बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार रुपयात ठरवते. २०२० मध्ये बीजी-२ साठी ती ७३० रुपये होती आणि त्यात जनुकाचे शुल्क शून्य होते. किंमत इतकी काटेकोर सांगता येते, तर त्या जनुकाचा आपल्या तालुक्यात उपयोग किती, हेही सांगता यायला हवे.

याचा फायदा थेट आहे. बीटीचा गुलाबी बोंडअळीवर भरवसा नाही, हे जूनमध्ये कळले तर शेतकरी कमी कालावधीचे वाण, तूर-सोयाबीनचा पर्याय किंवा सापळ्यांचा खर्च आधीच ठरवू शकतो. ऑक्टोबरमध्ये बोंड फोडल्यावर कळले, तर हातात फवारणीचा पंप तेवढा उरतो.

तोवर शेतात काय करता येईल?

अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजते. त्यानंतरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून लक्ष त्याआधी हवे. पीक फुलोऱ्यावर येताना कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ ते दहा पतंग आले, तर उपाय सुरू करण्याची वेळ झाली असे समजावे. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. हिरवी बोंडे अधूनमधून फोडून पाहावीत. बाहेरून अळी दिसत नाही.

सर्वात मोठा उपाय हंगाम वेळेत संपवण्याचा आहे. फरदड घेऊ नये आणि पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये, असे दरवर्षी सांगितले जाते. बीड जिल्ह्यात मात्र दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात मजूर राहत नाही. मग शेवटची वेचणी रेंगाळते आणि पऱ्हाटी उभीच राहते. इथे सल्ला पुरेसा नाही. पऱ्हाटी कुट्टी करणारी यंत्रे गावनिहाय भाड्याने मिळाली, कमी कालावधीच्या सरळ बीटी वाणांचे बियाणे वेळेवर आले, तरच हे घडेल. सरळ वाणाच्या प्रत्येक सरकीत जनुक उतरते, हा त्यातला आणखी एक फायदा.

पुढे काय?

अळीचे आतडे बदलत राहणार, कधी प्रथिनातून, कधी त्यावरच्या साखरेतून. तो निसर्गाचा क्रम आहे आणि कोणतीही कंपनी तो कायमचा थांबवू शकत नाही. तो सावकाश करणे आणि झालेला बदल वेळेत कळवणे मात्र माणसाच्या हाती आहे. बीटीने पहिल्या दशकात कापूस उत्पादकाला मोठा आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. तो आधार सुटत असताना त्याला अंधारात ठेवले गेले, ही खरी तक्रार आहे. पुढच्या जूनपूर्वी केजच्या एका तरी गावात अळीच्या चाचणीचा निकाल फलकावर लागला, तर बियाणे कोणते घ्यायचे हा निर्णय शेतकरी अंदाजाने नव्हे, माहितीवर घेईल.